बिनदारूची नशा

मला 'नाही' म्हणण्याचा पगार मिळतो. थट्टा नाही, खरंच. आमच्या युनिव्हर्सिटीत मानसशास्त्राच्या इमारतीचं तळघर आहे. तिथे काचेमागे माइकपुढे बसायचं आणि पलीकडच्या खोलीत डोळ्यांवर खोटं जग दाखवणारा अवजड चष्मा चढवून बसलेल्या पोराशी केसी बनून बोलायचं. केसी म्हणजे चष्म्यातली मुलगी. चष्म्यात पार्टी संपलेली असते, सगळे घरी गेलेले असतात, सोफ्यावर केसी आणि तो पोरगा एवढेच उरलेले असतात. बराच वेळ गोड गप्पा होतात आणि मग केसी म्हणते, बस आता, मला नकोय. पुढे तो काय बोलतो, हातातलं थांबायचं की आणखी जवळ जायचं, कुठलं बटण दाबतो, हे कॉम्प्युटर टिपून घेतो. तो थांबला तर खेळ संपला. नाही थांबला तर मी पुन्हा 'नाही' म्हणते, आणखी स्पष्ट, आणखी चिडून. केसी खोटी आहे हे आत येण्याआधीच सगळ्यांना सांगितलेलं असतं. माझा आवाज मात्र खरा असतो आणि घरी गेल्यावरही घशात अडकून राहतो.

कधीकाळी मला नाटकात नाव काढायचं होतं. ते राहू दे. ही गोष्ट डोरीनची आहे आणि ती सांगून टाकल्याशिवाय मला काही स्वस्थता मिळायची नाही.

डोरीन हलुष्का आमच्या प्रयोगशाळेतली दारूवाली. हो, आमच्या प्रयोगशाळेत बार आहे. लाकडी काउंटर, बिअरच्या दिव्यांच्या पाट्या, खाऱ्या बिस्किटांचे वाडगे, कोपऱ्यात गाण्यांची पेटी, सगळं अगदी खऱ्यासारखं. येणाऱ्या पोरांपैकी अर्ध्यांना व्होडका मिळते. अर्ध्यांना नुसतं टॉनिक आणि लिंबू मिळतं, पण सांगायचं सगळ्यांना एकच: तू व्होडका पितोयस. दारूने माणूस किती बदलतो आणि 'आपण प्यायलोय' या नुसत्या समजुतीने किती, हे वेगळं काढायचं असतं. कुणाला काय द्यायचं ते कॉम्प्युटर फक्त डोरीनला सांगतो. मला कळू द्यायचं नाही, कारण कळलं तर माझ्या 'नाही'चा सूर बदलेल. नंतर पोराची मुलाखत घेणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही. मुलाखत होईपर्यंत डोरीनने तोंड उघडायचं नाही. बाकीचे नियम मोडले तर ओरडा बसतो, पण हा मोडला तर त्या पोराची सगळी माहिती फुकट जाते.

डोरीनच्या आधी हे काम विद्यार्थी करायचे. खोकल्याचं औषध मोजल्यासारखे ओतायचे, आणि टॉनिकवाली पोरं पहिल्या घोटाला ओळखायची. डोरीनचं सगळं आयुष्य टायरच्या कारखान्याच्या फाटकासमोर स्टॅनच्या बारमध्ये गेलेलं. कारखाना बंद पडला, मागोमाग बार बंद पडला, आणि ती आमच्याकडे आली. रुंद खांद्यांची, तांबूस रंगवलेल्या केसांची, गुडघे धरून चालणारी बाई. व्होडकाच्या बाटलीतून टॉनिकच ओतायची, पण अशी, की बघणाऱ्याला व्होडकाच वाटावी. ग्लासाच्या काठाला खऱ्या व्होडकाचं बोट फिरवलेलं असायचं. वर म्हणायची, "हळू घे रे राजा, माझा हात जड आहे." अर्धं काम त्या वाक्यानेच व्हायचं. पोरांचे कान लाल, आवाज चढलेला, एकमेकांच्या पाठीवर थापा.

"लिंबाच्या फोडीवर झिंगतात मेले!" जेवताना ती मला सांगायची आणि हसून हसून डोळे पुसायची. कोण ते मात्र कधी बोलायची नाही.

मी तिला रोज माझ्या गाडीतून घरी सोडायची, त्यामुळे लाइल मला भेटण्याआधीच ठाऊक झाला होता. लाइल तिचा नवरा. कारखान्यात होता, प्यायचा, फार प्यायचा, आणि शेवटी एका हिवाळ्यात तिने त्याला घराबाहेर काढला. पण त्याच्याबद्दल वाईट शब्द नाही. "लाइल सोन्यासारखा माणूस गं. बाटली वाईट." मुलीला, टॅमीला, तिने लहानपणापासून हेच सांगितलेलं: तुझे बाबा चांगले आहेत, दारू वाईट आहे. एकदाच, रेल्वे फाटकाशी गाडी थांबलेली असताना, तिने बाहेर बघत मला सांगितलं, "बारमधून यायचा ना, तेव्हा मी झोपेचं सोंग घ्यायचे. नको म्हणायचे. पाय आखडून घ्यायचे. त्याला ऐकूच जायचं नाही. दारू ऐकू देत नाही माणसाला." मग तिने रेडिओ मोठा केला. मालगाडी संपता संपत नव्हती.

आता लाइलने दारू सोडून काही वर्षं झाली होती. चर्चच्या तळघरात दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला नेमाने जायचा, म्हाताऱ्यांची मिनीबस चालवायचा. त्याला घरी परत यायचं होतं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी सांग म्हणाला होता. टॅमी कोलंबस शहरातून फोनवर फोन करत होती, "आई, तो आजार होता. बरा झालाय आता. आजाराची शिक्षा किती दिवस देणार?" आणि डोरीन जवळजवळ कबूल झाली होती. तिने अर्धं कपाट रिकामंही करून ठेवलं होतं. मला ती म्हणाली, "एकटीने जेवायचा कंटाळा आलाय मार्सी. आणि ज्याच्याशी भांडण होतं ती बाटली तर गेलीच ना घरातून." मी म्हटलं, बरोबर आहे. मला खरंच बरोबर वाटलं होतं.

ऑक्टोबरात सगळ्या इमारतीत ताप पसरला. माझ्या शेजारी बसून यंत्रांवर लक्ष ठेवणारा मुलगाही आजारी पडला. आमचे मुख्य, डॉक्टर फेल्डकॅम्प, स्वेटरची कोपरं फाटलेला, शांत माणूस, त्या दिवशी घायकुतीला आला होता. डोरीनला म्हणाला, "ओतून झालं की आत येऊन बस मार्सीशेजारी. आजचाच दिवस." ओतणाऱ्याने काचेमागे यायचं नाही हा नियम त्यानेच केलेला आणि त्यानेच मोडला.

त्या दिवशीचा पोरगा शेतावरचा होता. उंच, आत येताना टोपी काढणारा, डोरीनला 'मॅडम' म्हणणारा. रिकामा ग्लास स्वतः काउंटरवर आणून ठेवला. डोरीन त्याच्यावर खूश होती, ते तिच्या आवाजावरून मला काचेमागे कळत होतं. मग ती आत येऊन माझ्याजवळ खुर्चीवर टेकली, तिच्या हातांना लिंबाचा वास येत होता, आणि मी केसी झाले.

सुरुवातीला तो लाजत होता. शेताबद्दल बोलला, बहिणीबद्दल बोलला. मग केसी म्हणाली, बस आता, मला नकोय. तो म्हणाला, "अगं, चल ना." मी पुन्हा सांगितलं. तो हसला. मी तिसऱ्यांदा सांगितलं, आवाज चढवून, जसं लिहून दिलंय तसं. त्याने बटण दाबलं. पडद्यावर केसी मागे सरकत होती आणि तो बटण दाबत होता, आणि मधून मधून अगदी गोड आवाजात म्हणत होता, "घाबरतेस काय, मी काही वाईट मुलगा नाहीये." शेवटपर्यंत गेला. त्याच्यापुढे दाबायला बटणच उरलं नाही.

असे मी पाहिलेत. मी उठून पाणी पिते, मान मोकळी करते, पुढच्याची तयारी करते. पण शेजारी डोरीन होती. तिने खुर्चीचा हात असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मला तेव्हा आठवायला हवं होतं की ग्लासात काय होतं ते तिला ठाऊक आहे. नाही आठवलं. वाटलं, बिचारीने पहिल्यांदाच पाहिलं.

पोराला लगेच सोडत नाहीत. श्वासातली दारू उतरेपर्यंत थांबवतात, मग मुलाखत. ज्यांना टॉनिक मिळालं त्यांनाही थांबवतात, नाहीतर गुपित फुटेल. तो बारमध्ये येऊन बसला, चेहरा लालबुंद. डोरीन ग्लास गोळा करत होती. मी दारात पाण्याची बाटली उघडत होते.

"मॅडम, तुमचा हात खरंच जड आहे हां," तो म्हणाला. कुणाशी नजर भिडवत नव्हता. "मी असा नाहीये. आईची शप्पथ. पोटात गेली की डोकंच फिरतं माझं."

डोरीनने ग्लास खाली ठेवले. "काय गेलं पोटात?"

"व्होडका. तुम्हीच नाही का दिलीत?"

"टॉनिक दिलं मी तुला. टॉनिक आणि लिंबू. थेंब नव्हता त्यात."

माझ्या हातातली बाटली सांडली. पोरगा मोठ्याने हसला. "काहीतरीच! बघा, बघा," म्हणत उठला आणि रस्त्यावर पोलीस चालायला लावतात तसा टाचेला चवडा लावून चालू लागला. आणि लडखडला. सोंग नव्हतं ते, खरोखर लडखडला, टेबल धरावं लागलं. डोरीनने काउंटरखालचं श्वास मोजायचं यंत्र काढलं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं. "फुंक."

यंत्राने शून्य दाखवलं. तो त्या शून्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता ओशाळेल. पण तो चिडला.

"म्हणजे तुम्ही मला फसवलंत."

"ग्लासात फसवलं," डोरीन म्हणाली. "सोफ्यावर तर तूच होतास ना?"

"तो खेळ होता! ती काय खरी मुलगी होती?"

"आवाज माझा होता," मी म्हणाले. बोलायला नको होतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, पिकलेल्या केसांच्या, जाड भिंगांच्या चष्म्यातल्या एका बाईकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा लाल रंग हळूहळू उतरला. टोपी घातली नाही. हातात चुरगाळत उभा राहिला.

फेल्डकॅम्पने त्या पोराला समजावून, माफी मागून, ज्याच्याशी बोलता येईल अशा माणसाचा नंबर देऊन घरी पाठवलं. त्याची सगळी माहिती काढून टाकली. मग आम्हा दोघींना बसवून चांगलंच सुनावलं. ओरडला नाही, तो ओरडत नाही, त्यामुळे जास्त लागतं. शेवटी म्हणाला, "तुला आत बसवायची चूक माझी होती, डोरीन. पण पुन्हा असं झालं तर तुला ठेवता येणार नाही."

"नाही होणार. डॉक्टर, एक विचारू? दारूनेच माणूस तसं करतो, की तो मुळातच तसा असतो?"

"दारूने फरक पडतो. काहींच्यात खूप, काहींच्यात फारसा नाही. तेच तर मोजतोय आपण."

"एका माणसाचं सांगता येतं?"

"नाही. शेकडो माणसं धरून सांगता येतं. एकावरून काही ठरवू नकोस."

"मग ते माझ्या काय कामाचं?" डोरीन म्हणाली आणि ॲप्रन सोडून उठली.

त्यानंतर तिने मला सुखाने बसू दिलं नाही. गाडीत रेडिओचं स्टेशन सारखं बदलायची. काच खाली करायची, वर करायची. बारचं काउंटर पुसून पुसून त्याची पॉलिश घालवली. "हळू घे रे राजा" म्हणणं बंद झालं, आणि पोरं टॉनिक ओळखू लागली. फेल्डकॅम्प काळजीत पडला. टॅमीचा फोन आला की ती स्पीकरवर लावायची, मला ऐकू यावं म्हणून, आणि टॅमी तेच तेच बोलायची: बाबांचं मन मोडू नकोस, आई. मलाही मग राहवेना. मी चिडून म्हटलं, "हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण एकदाचं काय ते म्हण. माझंही डोकं उठलंय."

"तुला सोपं आहे," ती म्हणाली. "तू रोज म्हणतेस."

मला ते झोंबलं. घरापाशी उतरताना तिने दार धरून ठेवलं. "रविवारी येतोय तो. उत्तर मागायला. तू पण ये. पिरोगी लाटायला बोलावलंय म्हणून सांगेन."

नवरा-बायकोच्या मधे बसायला मला नको वाटतं. तरी गेले. बाहेर नुकता बर्फ पडून गेला होता. डोरीनचं स्वयंपाकघर पिठाने आणि उकडलेल्या बटाट्याच्या वाफेने भरलं होतं. करंज्यांसारख्या त्या पिरोगींसाठी मी लाटलेल्या पिठातून वाटीने गोल कापत होते, ती सारण भरून कडा दाबत होती, आणि अशी दाबत होती की सारण बाहेर यावं.

लाइल चर्चमधून थेट आला. बारीक, गुळगुळीत दाढी केलेला, ओले केस विंचरलेला. पायपुसण्यावर बूट पुसले, पुन्हा पुसले. हातात बेकरीतली भोपळ्याची गोड पेस्ट्री. मला म्हणाला, "तूच मार्सी का? डोरीला रोज सोडतेस. फार उपकार आहेत तुझे." मला तो आवडला. खोटं कशाला बोलू, मनापासून आवडला.

"मी बाहेर बसते," मी म्हटलं.

"बस गं इथेच," डोरीन म्हणाली. तिने लाइलपुढे कॉफी ठेवली आणि पिठाच्या हातांनीच समोर बसली. "लाइल, एक विचारते. खरं सांगशील?"

"आता खोटं बोलत नाही मी, डोरी. मीटिंगमध्ये तेच शिकवतात. एक खोटं बोललो की दुसऱ्या दिवशी बाटलीपाशी उभा असेन."

"तुझं ओतून झालं की माझी पाळी संपायची, मी आधी घरी यायचे. मग बार मिटल्यावर पेगी तुला गाडीतून सोडायची. आठवतं?"

"स्टॅनची मुलगी, पेगी? हो तर. देव तिचं भलं करो."

"तुला गाडी चालवता यायची नाही, एवढी चढलेली असायची. ती विशीतली पोर. रस्त्याला चिटपाखरू नाही. गाडीत तुम्ही दोघंच. तिच्या अंगाला कधी हात लावलास?"

लाइल ताठ झाला. "छे! काय बोलतेस! कधीच नाही."

"ठाऊक आहे. मी परवा फोन करून विचारलं तिला. म्हणाली, लाइल फार सभ्य. एकदा सिगारेट पुढे केलीस, ती नको म्हणाली, तर लगेच खिशात ठेवलीस. दारात उतरून तिला थँक यू म्हणायचास." डोरीन थांबली. "मग तू आत यायचास."

लाइल कप फिरवत राहिला.

"दारू तीच होती, लाइल. मीच ओतलेली. किती ओतली ते मला पक्कं माहीत असायचं. दाराबाहेर पेगीचं 'नको' तुला ऐकू यायचं. मग दाराच्या आत आल्यावर माझं का ऐकू यायचं नाही?"

आठवत नाही, असं तो सहज म्हणू शकला असता. ते त्याच्या ओठांवर आलेलंही मी पाहिलं. मी तर मनात म्हणत होते, म्हण बाबा, म्हणून टाक, सगळ्यांचीच सुटका होईल. पण त्याने ते गिळलं.

"पेगीने बापाला सांगितलं असतं," तो म्हणाला.

"आणि मी?"

"तू कुणाला सांगणार होतीस, डोरी?"

त्यात टोमणा नव्हता, कुचेष्टा नव्हती. खरं विचारलं म्हणून खरं सांगितलं, एवढंच. पण शब्द तोंडातून गेल्यावर ते त्याच्या स्वतःच्या कानांवर पडले, आणि तो पांढराफटक झाला. "डोरी," म्हणाला. मला हातातली वाटी कुठे ठेवावी कळेना.

डोरीन उठली. ॲप्रनला हात पुसले आणि ओट्यावरचा फोन उचलला.

"टॅमी? मी गं. कामात असलीस तरी जरा बस. तुझ्या बाबांबद्दल सांगायचंय. नाही, नाही, प्यायलेला नाही. शुद्धीत आहे, इथेच बसलाय माझ्यासमोर." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि बाळा, मी तुला सांगायचे ना तेवढा प्यायलेला तो तेव्हाही नसायचा."

लाइल खुर्ची सरकवून उठला आणि दाराकडे वळला. डोरीनने फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताने त्याला खूण केली, बस. तो बसला. मग तिने मुलीला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.